‘उद्या’ म्हणजे किती झोपा? लहान मुलांना दिनक्रम आणि घरचे बेत समजावण्याची पद्धत

शाळा सुरू झाली की घरोघरी भिंतीवर एक रंगीत तक्ता चढतो. इंटरनेटवरून छापलेला, चौदा-पंधरा चौकटींचा, प्रत्येक चौकटीत एक घड्याळ. आठवड्याभरात त्याचा एक कोपरा सुटतो आणि महिन्याभरात त्यावर वाणसामानाची यादी टाचली जाते. मूल पहिल्यासारखंच एका पायात मोजा घालून खिडकीत उभं असतं.

तक्ता फसण्याची कारणं दोनच. एक, तो घड्याळाच्या भाषेत बोलतो. तीन-चार वर्षांच्या मुलाला क्रम कळतो, वेळ कळत नाही. ‘साडेसात’ हा त्याच्यासाठी नुसता आवाज असतो, पण ‘दूध झालं की बूट’ हे नेमकं कळतं. दुसरं कारण जास्त अडचणीचं: तक्ता खोटं बोलतो. त्यावर रोज संध्याकाळी बाग असते आणि प्रत्यक्षात आठवड्यातले चार दिवस बाग होत नाही. अशा तक्त्याकडे मूल पाचव्या दिवशी बघणं सोडतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

खालची पद्धत तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि इंदूरमधल्या मराठी घरांचा दिवस धरून लिहिली आहे. आपल्याच घराच्या फोटोंची कार्डं करायची, बोर्डावर क्रमाने लावायची आणि काम झालं की मुलाने कार्ड काढायचं, एवढीच ती आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. बहुतेक घरं थेट तिसऱ्या टप्प्यावर, म्हणजे कात्री-गोंदावर, उडी मारतात आणि तिथेच सगळं बिघडतं.

१. चार दिवस नुसतं लिहा

एक जुनी वही घ्या आणि चार रकाने आखा: किती वाजता, काय झालं, कुणी सांगितलं, कुठे अडलं. शाळेचे तीन दिवस आणि एक रविवार लिहून काढा. या चार दिवसांत काहीही सुधारायला जाऊ नका, नाहीतर वहीत घरचा दिवस न येता पाहुण्यांसाठी आवरलेला दिवस येईल.

एका सकाळची नोंद साधारण अशी दिसते:

६:५० उठवलं, आईने. १० मिनिटं गादीवर लोळणं.
७:०० दूध, आजीने.
७:१० दात, बाबांनी. अडलं. ‘दूध प्यायलो ना, आता कशाला?’
७:२० आंघोळ, आईने.
७:३२ पोहे, तीन घास. अडलं. हॉलमध्ये टीव्ही चालू.
७:४० व्हॅनचा हॉर्न. बूट हातात.

वरवर पाहता मूल दात घासायला कंटाळतंय. नोंद नीट वाचली तर कळतं की आजीच्या क्रमात दूध आधी आहे आणि बाबांच्या क्रमात दात आधी. मूल दोन क्रमांच्या मध्ये उभं आहे. अडलेल्या जागा बहुतेक वेळा अशाच, दोन मोठ्यांच्या मध्ये सापडतात. दुसरी नेहमीची जागा म्हणजे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायची वाट. न्हाणीघरातून स्वयंपाकघरात येताना वाटेत टीव्ही असेल, तर काम झालं तरी पुढचं काम सुरू होत नाही.

तपासा: वहीत निदान दोन ठिकाणी ‘अडलं’ आहे का? एकदाही नसेल तर नोंद दिवसाअखेरीस आठवून लिहिली आहे. पुन्हा लिहा, त्या त्या वेळी.

२. मोठ्यांचं आधी एकमत

मूल झोपल्यावर वीस मिनिटं बसा. मुलाला हाताळणारे सगळे हवेत: आई-बाबा, आजी-आजोबा, शक्य असेल तर दुपारी सांभाळणाऱ्या ताईही. इथे तीन गोष्टी ठरवायच्या.

पहिली, क्रम. आजीच्या क्रमात तथ्य असेल तर तोच घ्या. दूध आधी आणि दात नंतर हे दातांच्या दृष्टीने मुळीच वाईट नाही. क्रम कुणाचा, याला महत्त्व नाही. तो सगळ्यांचा एक असायला हवा.

दुसरी, शब्द. इंदूरचं मूल घरात ‘दात घास’ ऐकतं, ताईंकडून ‘मंजन कर लो’ आणि शाळेत ‘ब्रश’. मोठ्यांना हे एकच काम वाटतं, तीन वर्षांच्या मुलाला तीन वाटू शकतात. भाषा कितीही असोत, कार्डाकडे बोट दाखवताना सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा. कोणता, ते आज ठरवा.

यातच काळाचे शब्द येतात आणि इथे आपल्या मुलांची खरी पंचाईत होते. मराठीत ‘काल’ आणि ‘उद्या’ वेगळे आहेत. गल्लीतल्या हिंदीत दोन्हीला ‘कल’. आणि मराठीचीही फुशारकी नको, कारण आपला ‘परवा’ मागेही जातो आणि पुढेही. चार वर्षांचं मूल ‘मी काल मामाकडे जाणारे’ म्हणालं तर हसू नका, आणि ‘काल नाही, उद्या’ एवढंच म्हणून सोडूही नका. काळाच्या शब्दाला झोप बांधा: ‘एक झोप झाली की मामाकडे.’ मागच्या गोष्टीला ‘होऊन गेलं’ आणि पुढच्या गोष्टीला ‘यायचंय’ हे शब्द घरात रुळवा. क्रियापद सोबत असलं की ‘कल’चाही अर्थ लागतो. काल-उद्याचे शब्द बहुतेक मुलं पाच वर्षांच्या आसपास बरोबर वापरू लागतात. तोवर झोपा मोजणं पुरतं.

तिसरी, निवड. कुठे विचारायचं आणि कुठे सांगायचं, हे ठरवा. ‘आता आंघोळीला जायचं का?’ हा प्रश्न आहे आणि ‘नाही’ हे त्याचं रीतसर उत्तर आहे. आंघोळ टळणार नसेल तर प्रश्न विचारू नका. ‘आता आंघोळ. निळा मग की लाल?’ असं म्हणा. पर्याय दोनच ठेवा.

सावध: आजी-आजोबांना ‘आम्ही असं ठरवलंय’ म्हणून निकाल ऐकवला तर हा टप्पा झालाच नाही असं समजा. दुपारी घर त्यांच्या हातात असतं.

३. साहित्य

यातलं बरंचसं खजुरी बाजारातल्या स्टेशनरीच्या दुकानांत मिळतं.

- सनबोर्ड, ६० × ४५ सेंमी, ५ मिमी जाडीचा: १ (आठवड्याच्या पाटीसाठी पुढे आणखी एक)
- १० × १५ सेंमीचे फोटो, एकावर दोन कामं शेजारी-शेजारी छापून, मॅट कागदावर: ८. मधोमध कापले की १६ कार्डं होतात. ग्लॉसी कागद नको, ट्यूबलाइटच्या उजेडात चमकतो आणि चित्र दिसत नाही.
- वेल्क्रो, २ सेंमी रुंद, चिकट पाठीचा: २ मीटर
- लॅमिनेशन, झेरॉक्सच्या दुकानातून
- झाकण नसलेला प्लास्टिकचा चपटा डबा: १
- कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा: १

कार्डं कापून मग लॅमिनेट करा. लॅमिनेट झाल्यावर प्रत्येक कार्डाभोवती ३ मिमी पारदर्शक कड राखून कापा. कड न राखता कापलं तर थर सुटतो आणि ओल्या हातांनी आठवड्यात फोटो फुगतो. कोपरे गोल करा, टोकदार लॅमिनेशन गालाला चांगलंच लागतं.

वेल्क्रोची मऊ बाजू सगळ्या कार्डांना, खरखरीत बाजू बोर्डाला. अदलाबदल झाली की कार्डं एकमेकांना चिकटून गठ्ठा होतो.

सावध: फ्रिजवर लावायला बटणाएवढी चुंबकं आणू नका. दोन चुंबकं पोटात गेली तर आतड्याला दोन बाजूंनी चिकटून जीवघेणी इजा करू शकतात. टाचण्या आणि पुशपिनाही नकोत.

४. फोटो आपल्याच घराचे

छापील चित्रातला बेसिन आपला नसतो, ब्रशही आपला नसतो. लहान मुलाला चित्रावरून खऱ्या वस्तूकडे यायला एक पायरी चढावी लागते. ती पायरी काढून टाका आणि फोनवर फोटो घ्या.

फोटोत एकच काम दिसावं. दात घासण्याच्या फोटोत बेसिन, ब्रश आणि मुलाचा हात पुरे. मागे वाळत घातलेले कपडे, कोपऱ्यात मांजर असं काही आलं तर मूल मांजरच बघणार. फोटो मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढा, म्हणजे गुडघ्यावर बसून. वरून काढलेल्या फोटोत बादली ओळखू येत नाही.

फोटोखाली देवनागरीत एक शब्द, ठळक: ‘दात’, ‘शू’, ‘गोष्ट’. वाचता येत नसलं तरी लिहा. सहा महिन्यांनी चित्रावर बोट ठेवून शब्दाकडे वळता येतं.

तपासा: कार्डं जमिनीवर पसरा आणि ‘दात कुठंय?’ विचारा. ज्या कार्डाशी मूल तीन सेकंदांहून जास्त घुटमळेल, त्याचा फोटो बदला.

५. सुरुवात संध्याकाळची, सकाळची नाही

सगळ्यांना सकाळ सुधारायची असते, म्हणून सगळे सकाळपासून सुरू करतात. ही सर्वांत महाग चूक आहे. सकाळी व्हॅन उभी असते, मोठ्यांचा आवाज आधीच चढलेला असतो आणि नवं काही शिकायला दोन मिनिटंही नसतात. रात्रीचं जेवण ते झोप या पट्ट्यात दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तरी कुणाचं बिघडत नाही. तिथे शिका, मग सकाळी वापरा.

पाचच कार्डं: जेवण, दात, शू, गोष्ट, झोप. बोर्ड उभा धरा आणि मधोमध वेल्क्रोची उभी पट्टी लावा. कार्डं वरून खाली, दोन कार्डांमध्ये २ सेंमी अंतर. तळाशी दहा-अकरा सेंमी जागा उरते, तिथे डबा चिकटवा. तो ‘झालं’चा डबा. काम झालं की मूल स्वतः कार्ड काढून डब्यात टाकतं. हे ‘टाकणं’ वगळू नका. सारा तक्ता त्यावर चालतो, कारण काम संपलं हे मुलाला हाताला कळतं.

आवडती गोष्ट शेवटाकडे ठेवा. पुस्तक आधी आणि दात नंतर लावलं, तर दात हे पुस्तक संपल्याची शिक्षा होऊन बसतात.

बोर्डाची खालची कड जमिनीपासून ५० सेंमीवर, मूल पाच-सहा वर्षांचं असेल तर ६० वर. तीन वर्षांचं मूल साधारण ९५ सेंमी उंच असतं, वरच्या कार्डापर्यंत त्याचा हात पोचला पाहिजे. जागा बेसिनजवळ किंवा झोपायच्या खोलीच्या दाराशी, टीव्हीच्या भिंतीवर नको.

दातांच्या कार्डाबद्दल थोडं जास्त, कारण तिथेच घोळ होतो. तीन वर्षांखाली पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. दोन मिनिटं. मुलाने आधी घासायचं आणि शेवटचा हात मोठ्यांनी मारायचा, सात-आठ वर्षांचं होईपर्यंत. तक्ता लागला म्हणजे मूल सगळं स्वतः करेल असं नाही. आता काय करायचं ते त्याला कळेल, कसं करायचं ते अजून आपल्यालाच करून दाखवायचंय.

६. पहिले दहा दिवस: काय बोलायचं, काय नाही

दिवस १ ते ३: मुलाला बोर्डाजवळ न्या, कार्डाला हात लावा, कार्डावरचा एकच शब्द म्हणा. काम. परत बोर्डाजवळ. कार्ड डब्यात. ‘शाबास’चा पाऊस नको, ‘दात झाले’ एवढं पुरे.

दिवस ४ ते ७: शब्द म्हणू नका. विचारा, ‘आता कुठलं?’ आणि मनात दहा अंक मोजा. हे दहा अंक फार लांब वाटतात. पाचव्या अंकाला आपल्या तोंडातून ‘शू’ निघालं की मूल कार्ड वाचायचं थांबून आपलं तोंड वाचू लागतं.

दिवस ८ ते १०: नुसतं बोर्डाकडे बघा.

खेळ थांबवून पहिल्या कार्डाकडे आणणं हे सगळ्यांत कठीण. ‘पाच मिनिटांत ये’ म्हणून काही होत नाही, कारण पाच मिनिटं दिसत नाहीत. मोजता येणारं सांगा: ‘अजून तीन घसरगुंड्या’, ‘हे दोन ठोकळे आणि मग जेवण’. आणि तिसरी घसरगुंडी झाली की उठाच. चौथी दिलीत तर उद्यापासून तीनचा अर्थ चार.

सावध: कार्डाची धमकी करू नका. ‘दात घासले नाहीस तर गोष्टीचं कार्ड काढून टाकीन’ असं एकदा झालं की तक्ता मुलाचा राहत नाही, पोलिसाचा होतो. ताऱ्यांचे स्टिकर आणि चॉकलेटही यात मिसळू नका. बक्षीस बंद झालं की काम बंद होतं आणि दोष तक्त्याला मिळतो.

तपासा: दहाव्या दिवशी पाचांपैकी तीन कार्डांवर मूल न सांगता जातंय का? नसेल तर दिवस वाढवा, कार्डं वाढवू नका.

७. सकाळ, उलटी मोजत

सकाळ पुढून आखली की नेहमी कमी पडते. व्हॅनपासून मागे या:

७:४० व्हॅन
७:३० बूट, दप्तर, बाटली
७:१० नाश्ता
७:०० कपडे
६:४५ आंघोळ
६:३५ शू, दात
६:२५ जाग, आणि दहा मिनिटं लोळणं

हे वेळापत्रक मोठ्यांसाठी, स्वयंपाकघराच्या दारामागे. मुलाच्या बोर्डावर फक्त सहा कार्डं: शू-दात एकत्र, आंघोळ, कपडे, नाश्ता, बूट, व्हॅन. इथे कार्डांमधलं अंतर १ सेंमी करा, म्हणजे सहावं बसतं. लोळण्याची दहा मिनिटं धरलेली असू द्या. ती वाचवायला गेलं की पंधरा जातात.

आता रात्रीचा हिशेब. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची डुलकी धरून २४ तासांत १० ते १३ तास झोप लागते, सहानंतर ९ ते १२. सकाळी ६:२५ ला उठायचं आणि दुपारची झोप सुटलेली असेल, तर ८:२५ पर्यंत झोप लागली तरच किमान दहा तास भरतात. सकाळी मूल उठत नाही याचं उत्तर सकाळी शोधण्यात अर्थ नाही. शनिवारी रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात साडेदहाला तळलेले गराडू खाऊन झाले असतील तर रविवारचा क्रम तासभर पुढे जाणारच. जाऊ द्या. पण रविवारी रात्री पुन्हा तीच पाच कार्डं, त्याच क्रमाने.

इंदूरच्या सकाळीत एक फुकटचा टप्पा आहे: कचरागाडी. तिचं गाणं मुलाला घड्याळापेक्षा कितीतरी आधी ओळखू येतं. आपल्या गल्लीत ती ठरल्या वेळी येत असेल तर तिला एक काम बांधा. ‘गाडीच्या आधी कपडे.’ केळ्याची साल ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकणं हे चार वर्षांच्या मुलाचं पक्कं काम होऊ शकतं, आणि चुकून सुक्यात गेली तर गाडीवाले दादा परत करतात, हेही त्याला लवकर कळतं. गाडी कधी सातला, कधी नऊला येत असेल तर मात्र तिचं कार्ड करू नका.

थंडीत आंघोळ संध्याकाळी सरकली, शाळेची वेळ पुढे गेली, तर कार्डं त्याच दिवशी हलवा. जुना क्रम बोर्डावर तसाच ठेवून ‘आता थंडी आहे ना’ म्हणणं म्हणजे तक्त्याला खोटं पाडणं.

सहाव्या वर्षी घड्याळ आणायचं असेल तर एकच वेळ आणा. भिंतीवरच्या घड्याळावर सहाच्या आकड्याशी बुटाचं छोटं चित्र चिकटवा: मोठा काटा बुटावर आला की बूट.

८. आठवड्याची पाटी

रोजचा क्रम तीन आठवडे नीट चालला की दुसरा बोर्ड काढा, आडवा. सात रकाने, डावीकडून उजवीकडे. भिंतीवरच्या कॅलेंडरात बहुधा वार वरून खाली उतरतात आणि शाळेच्या डायरीत आडवे जातात. मुलासाठी एकच दिशा धरा, शाळेची. प्रत्येक रकान्याला एक रंग. वरच्या कडेला लाकडी चिमटा: ‘आज’. चिमटा सकाळी पुढे सरकतो, तो मुलाने सरकवायचा. मागचे रकाने ‘होऊन गेलं’, पुढचे ‘यायचंय’. दुसऱ्या टप्प्यातले शब्द इथे कामी येतात.

एका दिवसात जास्तीत जास्त दोन चित्रं. तिसरं लागलं की पाटी मोठ्यांची डायरी होते.

पहिली ओळ ‘कोण कुठे’. घरातल्या प्रत्येकाचा पासपोर्ट आकाराचा फोटो. मुलाला आठवड्याबद्दल खरा प्रश्न एकच असतो: शाळेतून आलो की दारात कोण असेल, आणि रात्री शेजारी कोण झोपेल. बाबा पीथमपूरच्या कारखान्यात शिफ्टमध्ये असतील तर पाटीचं अर्धं काम हेच. रात्रपाळीच्या दिवशी बाबांच्या फोटोमागे काळा कागद, दिवसा झोपणार असतील तर उशीचं चित्र. ‘हळू बोल, बाबा झोपलेत’ हे दहा वेळा सांगण्यापेक्षा सकाळी उशी दाखवणं सोपं.

दुसरी ओळ नळाची. इंदूरच्या बऱ्याच भागांत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, आणि पाण्याचा दिवस घराची सकाळ बदलतो: मोटर, भांडी, कुणीतरी गच्चीवर टाकी बघायला. मूल त्या गडबडीत विसरलं जातं. म्हणून निळ्या थेंबाची चार कार्डं करा. पण ती कायमची चिकटवू नका. आठवड्याचे दिवस सात, विषम. या आठवड्यात थेंब सोम-बुध-शुक्र-रविवारी आला तर पुढच्या आठवड्यात तो मंगळ-गुरू-शनिवारी जातो. ‘सोमवारी पाणी’ असं एकदा शिकवलं की आठव्या दिवशी तक्ता खोटा ठरलाच. दर रविवारी मुलाकडूनच थेंब लावून घ्या: एक रकाना थेंब, एक कोरा. पाच वर्षांचं मूल हे चटकन करतं, आणि एकाआड एक म्हणजे काय ते त्याला गणिताच्या पुस्तकाआधी नळातून समजतं. नळ आलाच नाही त्या दिवशी थेंब उलटा करा.

रविवारी संध्याकाळची बैठक, दहा मिनिटं, या क्रमाने:

१. मागचा आठवडा मूल सांगतं आणि पाटीवरची चित्रं उतरवतं. ‘शुक्रवारी आत्या आली होती.’ चुकलं तर चित्र दाखवा, टोकू नका.
२. शाळा आणि सुटीचे दिवस.
३. थेंब.
४. कोण कुठे.
५. एक चित्र मुलाच्या निवडीचं, तेही घडणारं. प्राणिसंग्रहालय मागितलं आणि जमणार नसेल तर लावू नका, पर्याय द्या: ‘बाग की आजोबांबरोबर भाजी आणायला?’

तपासा: बुधवारी विचारा, ‘उद्या शाळेतून आल्यावर घरी कोण?’ मूल पाटीकडे धावलं तर पाटी लागू पडली. उत्तर बरोबर आलं की नाही, हे नंतर.

९. बदललेले बेत आणि मोठे बेत

बेत बदलणार हे धरूनच एक कार्ड आधी करून ठेवा: पिवळ्या कागदावर मोठा बाण, शब्द ‘बदल’. बागेत जायचं होतं आणि पाऊस आला, तर बागेचं चित्र गुपचूप काढून टाकू नका. मुलासमोर त्यावर पिवळं कार्ड ठेवा, शेजारी नवं चित्र लावा आणि कारण एका वाक्यात सांगा. पहिल्यांदा हे कार्ड चांगल्या बदलासाठी वापरा, उदाहरणार्थ वरणभाताऐवजी अचानक डोसा. पिवळं म्हणजे रडू, असं समीकरण बसता कामा नये.

किती आधी सांगायचं? तीन वर्षांच्या मुलाला आदल्या संध्याकाळी. चार वर्षांच्या मुलाला दोन-तीन दिवस आधी. पाच-सहाच्या मुलाला आठवडा. त्याहून आधी सांगितलं की रोज सकाळी ‘आज का?’ ऐकावं लागतं. आणि पक्कं नसलेलं पाटीवर चढवू नका. तिकीट वेटिंगवर आहे तोवर पुणं आपल्या फोनमध्येच राहू द्या.

लांबच्या बेताला कागदी साखळी. एका झोपेला एक कडी, रोज रात्री शेवटच्या कार्डाआधी एक कडी फाडायची. पहिल्यांदा छोटा आणि हमखास होणारा बेत घ्या. आपल्याकडे धुळवड ते रंगपंचमी हे अंतर जणू यासाठीच आहे: चार झोपा, मग गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक. तिथी कधी पुढेमागे होते, म्हणून कॅलेंडर बघून कड्या करा. प्रवास रात्रीच्या गाडीचा असेल, अवंतिकाने मुंबईला जायचं असेल, तर शेवटच्या कडीवर बर्थचं चित्र काढा. ती झोप घरात नाही, गाडीत आहे. हे आधी कळलं नाही तर स्टेशनवर ‘मला माझ्या गादीवर झोपायचंय’ सुरू होतं.

इंजेक्शनचं उलट. पाच ते सहा वर्षांत डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) लसीचा दुसरा बूस्टर असतो. तो साखळीत नको, आठवडाभर भीती मोजण्यात काय हशील? त्याच दिवशी सकाळी चित्र लावा: दवाखाना, टोचणं, मग घर. ‘दुखणार नाही’ म्हणू नका. ‘चिमटा काढल्यासारखं दुखेल, दहा अंक मोजेपर्यंत’ हे खरं आहे आणि मोजता येतं.

घरात बाळ येणार असेल तर महिने सांगून उपयोग नाही. सण सांगा: ‘दिवाळी होऊन गेली की.’ तारीख पक्की नसते, म्हणून कडी लावू नका. ‘आईच्या पोटात बाळ’ एवढंच सांगितलं तर काही मुलांना आईने बाळ खाल्लं असं वाटतं, आणि वरण-भात त्याच्या डोक्यावर पडतो का, अशी चिंताही लागते. जेवण जातं ती पिशवी वेगळी आणि बाळाची पिशवी वेगळी, असं सरळ सांगा. आई दवाखान्यात असताना रात्री शेजारी कोण, याचं ‘कोण कुठे’ दोन-तीन आठवडे आधी ठरवा आणि त्या माणसाबरोबर झोपायची दोनदा तालीम करा.

सावध: लहानसा बदल झाला की रोजच तासतासभर आकांत, तीन वर्षं झाली तरी ‘बूट घे आणि दारात ठेव’ अशी दोन पायऱ्यांची सूचना पाळता येत नाही, किंवा येत असलेले शब्द हरवतायत, असं दिसलं तर तक्ता बाजूला ठेवा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर अशा मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं असतात, तिथे तपासणी होते.

१०. कार्डं कमी करणं

तक्ता कायमचा नाही. एखादं कार्ड सलग दोन आठवडे न बघता झालं की ते काढा, पण मुलाला विचारून. दोन शेजारची कार्डं पक्की झाली की त्यांचं एक करा: ‘शू-दात-आंघोळ’ मिळून ‘तयारी’. महिन्याभरात सहाची तीन उरतात. सगळी एका रात्रीत काढली तर तिसऱ्या दिवशी घर पुन्हा मोज्यापाशी येतं.

काढलेली कार्डं टाकू नका, बिस्किटांच्या डब्यात ठेवा. उन्हाळ्याच्या सुटीनंतर, आजारपणानंतर किंवा आजोळी पंधरा दिवस राहून आल्यावर तीच पाच कार्डं चार दिवसांसाठी परत लागतात, त्याच उंचीवर. उंची मात्र एकदा मोजून घ्या, मधल्या काळात मूल वाढलेलं असतं.